शिकणारा बेरोजगार कोणत्या रकान्यात?

पुणे-सातारा महामार्गाने खेड शिवापूर ओलांडून दक्षिणेकडे निघाले, की नसरापूरला पोहोचण्यापूर्वी शिवगंगेच्या खोऱ्यात वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील गाव लागते. एका बाजूला तीसेक किलोमीटरवर पुणे, दुसऱ्या बाजूला कापूरहोळमार्गे तालुक्याचे ठिकाण भोर. महामार्गाच्या कडेने गोदामे, लहानमोठे कारखाने, हॉटेले आणि गॅरेज. पुढे नीरा ओलांडली, की सातारा जिल्ह्यातील शिरवळ-खंडाळ्याचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. या टापूतील बारावी झालेल्या आणि हाताला काम नसलेल्या तरुणापुढे दोन वाटा असतात. महामार्गावर मिळेल ते काम धरायचे, किंवा भोरच्या अथवा पुण्यात औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) दोन वर्षे घालवून जोडारी, कातारी, वीजतंत्री यांपैकी एखादा व्यवसाय शिकायचा. दुसरी वाट शहाणपणाची, असे सगळेच सांगतात. त्या दोन वर्षांचा खर्च कोणी करायचा, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

हिशेब अवघड नाही. समजा, गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे दिवसाला चारशे रुपये मिळतात आणि महिन्याला पंचवीस दिवस काम लागते. महिन्याचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार, दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. शिकायला गेलेला तरुण एवढ्या रकमेवर पाणी सोडतो. त्याबदल्यात राज्य शासन पात्र प्रशिक्षणार्थीला दरमहा पाचशे रुपये विद्यावेतन देते. दोन वर्षांचे बारा हजार. म्हणजे बुडालेल्या मजुरीचा विसावा हिस्सा. आणि हे पाचशे रुपयेही अलीकडचे. २०२४ साली वाढ होण्यापूर्वी सुमारे चार दशके ही रक्कम होती दरमहा चाळीस रुपये.

शब्द चार, पैसे वेगवेगळे

या विषयात शिरण्यापूर्वी काही शब्दांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. कारण अर्ज चुकतात ते बहुधा तेथेच. 'विद्यावेतन' म्हणजे प्रशिक्षण चालू असताना निर्वाहासाठी दरमहा मिळणारी रक्कम. 'शिष्यवृत्ती' ही बहुतांशी सामाजिक प्रवर्ग आणि कुटुंबाचे उत्पन्न पाहून वर्षाकाठी मिळते. 'शुल्क प्रतिपूर्ती'त प्रशिक्षणार्थीच्या खर्चाला हातभार लागत नाही, तर संस्थेच्या शुल्काचा भार शासन उचलते. शासकीय संस्थेचे शुल्क मुळातच कमी असल्याने या सवलतीचे महत्त्व खासगी आयटीआयमध्ये अधिक. आणि 'बेरोजगार भत्ता' म्हणजे काम नाही म्हणून दिली जाणारी रक्कम, जिचा शिकण्याशी संबंध नाही.

या चौघांत आणखी एक फरक आहे आणि तो कागदावर सहसा दिसत नाही. विद्यावेतन आणि शिष्यवृत्ती ही 'विद्यार्थ्या'ला मिळते. भत्ता आणि रोजगारविषयक योजनांचा लाभ 'बेरोजगारा'ला मिळतो. काम नाही म्हणून जो तरुण शिकायला गेला, तो नेमका कोण? शासनाच्या लेखी प्रवेशाची पावती हाती पडताच तो बेरोजगार उरत नाही. घरच्या चुलीच्या लेखी मात्र तो बेरोजगारच असतो.

युद्धातून आलेली योजना

प्रशिक्षण घेणाऱ्या बेकाराला शासनाने काही द्यावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि माजी सैनिकांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याचे काम त्याच्याकडे आले. फाळणीनंतर तीच केंद्रे निर्वासितांसाठी वापरली गेली. म्हणजे प्रारंभीचे लाभार्थी हे शाळेतून थेट आलेले विद्यार्थी नव्हते; हाताला काम नसलेले, संसाराची जबाबदारी असलेले प्रौढ होते.

१९५० मध्ये केंद्र सरकारने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. उद्योगांना कुशल कामगारांचा अखंड पुरवठा व्हावा आणि सुशिक्षित तरुणांमधील बेकारी कमी व्हावी, असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते. आजच्या आयटीआयचा पाया हाच. १९५६ मध्ये शिवराव समितीच्या शिफारशीवरून संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला, राष्ट्रीय स्तरावर दर्जा आणि प्रमाणपत्रांसाठी परिषद स्थापन झाली आणि १९६९ पासून आर्थिक जबाबदारीही पूर्णपणे राज्यांवर आली. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र यांचे निकष केंद्राचे. इमारत, शिक्षक आणि विद्यावेतन राज्याचे, अशी ही विभागणी. विद्यावेतन का गोठले, याचे एक कारण याच विभागणीत असावे. यंत्रसामग्रीसाठी केंद्राच्या योजना येत राहिल्या. प्रशिक्षणार्थीच्या खिशाकडे पाहणारा केंद्रीय हात उरला नाही आणि राज्याच्या अर्थसंकल्पातील तो किरकोळ आकडा कोणाच्या नजरेस पडेना.

महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. बहुतेक प्रत्येक तालुक्यात एक. खासगी संस्था त्याहून वेगळ्या. त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. किमान वय चौदा. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर तारतंत्री, संधाता अशा काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्णही चालतो. जोडारी, वीजतंत्री हे दोन वर्षांचे, संधाता वर्षाचा. महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव असतात.

चाळीस रुपयांची कहाणी

चाळीस रुपये महिना म्हणजे वर्षाला चारशे ऐंशी. ज्या काळात ही रक्कम ठरली, त्या काळात तिच्यातून एस.टी.चा पास निघून वर वही-पेन्सिलीपुरते काही उरत असावे. नंतर किमती वाढल्या, महागाई भत्ते वाढले, आमदारांचे मानधनही वाढले. आयटीआयच्या मुलाचे चाळीस रुपये तेवढे तसेच राहिले. शेवटी शेवटी अशी अवस्था आली, की ही रक्कम मिळविण्यासाठी लागणारे उत्पन्नाचे दाखले, छायाप्रती आणि त्यासाठीच्या एका फेरीचे बसभाडे मिळून होणारा खर्च तिच्याहून अधिक होई. विद्यावेतन नाकारले गेले नव्हते; ते केवळ निरर्थक झाले होते. योजना बंद केली असती तर निदान ओरड झाली असती.

२०२४ मध्ये राज्य शासनाने ही रक्कम पाचशे रुपये केली. टक्केवारीत पाहिले तर वाढ साडेअकराशे टक्क्यांची, मथळ्यासाठी उत्तम. प्रत्यक्षात पाहायचे तर रोजगार हमीचा दर घ्यावा. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत २०२५-२६ साठी महाराष्ट्राकरिता ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्याला दोन दिवसांत जे मिळते, त्याहून कमी रक्कम यंत्रावर धातू कापायला शिकणाऱ्याला महिन्याला मिळते.

ही तुलना महाराष्ट्रात अधिक बोचते, कारण रोजगार हमी ही याच राज्याची देणगी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यासाठी शहरातील पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही तो कापला जातो. अंगमेहनतीच्या अकुशल कामाची हमी देण्यासाठी शहराने पैसे मोजावेत, हे तत्त्व या राज्याने देशात सर्वांआधी मान्य केले. तोच अकुशल मजूर कुशल होऊ पाहील तेव्हा त्याला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

एक अपवाद झाला होता. १५ ऑगस्ट १९७९ रोजी केंद्राने ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील अठरा ते पस्तीस वयोगटातील तरुणांना प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि कामासाठी अवजारांचा संच मिळे. योजनेत दोष पुष्कळ होते. प्रशिक्षण घेऊन व्यवसाय न करणारे बरेच निघाले, अवजारे विकली गेल्याच्या तक्रारीही झाल्या. तरीही 'बेरोजगार असल्यामुळे शिकतो आहे आणि शिकत असल्यामुळे कमावत नाही' ही अवस्था ओळखून आखलेली ती योजना होती. १ एप्रिल १९९९ रोजी ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली आणि भर वैयक्तिक प्रशिक्षणावरून बचत गटांकडे वळला.

पैसा आहे, पण शिक्षणानंतर

मग शासन तरुणांच्या प्रशिक्षणावर पैसा खर्च करीत नाही काय? करते, आणि बराच करते. फक्त तो आयटीआयच्या वर्गात न येता कारखान्याच्या फाटकाशी येतो.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के या मर्यादेत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगार असतील तर ऐच्छिक. सप्टेंबर २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन किमान विद्यावेतन दरमहा पाच ते नऊ हजार रुपये ठरले. दहावी उत्तीर्णाला सहा हजार, आयटीआय प्रमाणपत्रधारकाला सात, पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला नऊ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात छत्तीस टक्के वाढीची, म्हणजे ६,८०० ते १२,३०० रुपयांची शिफारस केली. हे पैसे मालक देतो, पण त्यातही सार्वजनिक अनुदान आहे. १९ ऑगस्ट २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, कमाल दीड हजार रुपये, केंद्र उचलते. पूर्वी ही रक्कम मालकाला परत मिळे; ऑगस्ट २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागली. हा बदल लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट मात्र महामार्गालगतच्या तरुणांनी ध्यानात ठेवावी. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला सामान्यतः लागू होत नाहीत. उमेदवारीचा करार नोंदलेला आहे की नाही, हे पाहिल्याविना 'ट्रेनी' म्हणून कामावर जाणे धोक्याचे. करार नसेल तर तो ना कामगार, ना शिकाऊ.

राज्याने याच धर्तीवर मोठे पाऊल टाकले ते २०२४ मध्ये. जूनमधील अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा आणि जुलैमध्ये शासन निर्णय होऊन मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुणाने उद्योगात अथवा शासकीय कार्यालयात सहा महिने काम शिकायचे. शासनाने बारावी उत्तीर्णाला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये द्यायचे. वर्षाला दहा लाख तरुणांचे लक्ष्य आणि साडेपाच हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. २०२५ मध्ये कालावधी पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आला. मुदत संपल्यावर पुढे काय, असे विचारत त्याच वर्षी अनेक प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, हेही नमूद केले पाहिजे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थीला वर्षभरात मिळतात सहा हजार रुपये. बारावी उत्तीर्ण होऊन कार्यालयात अथवा कारखान्यात बसणाऱ्याला एका महिन्यात मिळाले सहा हजार. दोन्ही रकमांना शासन 'विद्यावेतन'च म्हणते. आणि दोन्हींचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही. शिक्षण चालू असलेला उमेदवार युवा कार्य प्रशिक्षणासाठी अपात्र. म्हणजे वरव्यातील अठरा वर्षांच्या बारावी झालेल्या तरुणाने केवळ व्यवहार पाहिला, तर दोन वर्षांत बारा हजार देणाऱ्या प्रशिक्षणापेक्षा अकरा महिन्यांत सहासष्ट हजार देणारे प्रशिक्षण त्याला फायद्याचे. त्यातून त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल, पण व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार नाही. लेथवर उभे राहण्यासाठी मात्र दुसरेच लागते.

योजनेच्या समर्थनार्थ सांगता येईल, की आयटीआय पूर्ण केलेल्यालाही आठ हजार मिळतातच. तेव्हा आधी शिका, मग कमवा. युक्तिवाद खरा आहे. पण आधीची दोन वर्षे तग धरण्याची ऐपत असलेल्यांसाठीच तो खरा आहे. ज्याच्या घरी भाताची एक-दोन खाचरे आणि वर्षातून एक पीक, त्याच्यासाठी प्रश्न त्या आधीच्याच दोन वर्षांचा असतो. भोर आणि शेजारच्या वेल्हे तालुक्याचा (ज्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली) मोठा भाग असाच डोंगराळ, पावसाळी भाताचा आहे.

पाचशेचाच आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी आदी अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षणकाळात पाचशे रुपये मिळतात, पण दिवसाला. शिवाय अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून हा दर ठेवला, असे शासन स्वतःच सांगते. तत्त्व योग्य आहे. मूलभूत प्रशिक्षण आठवडाभराचे आणि प्रगत प्रशिक्षण पंधरा दिवस वा अधिक असल्याने ते परवडतेही. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला हाच न्याय लावायचा म्हटले, की तिजोरीचा विचार सुरू होतो.

इमारतीला मिळते ते

संस्थांवर झालेला खर्च पाहिला, की तफावत अधिक स्पष्ट होते. २००७-०८ पासून केंद्राने देशभरातील १,३९६ शासकीय आयटीआय खासगी भागीदारीतून अद्ययावत करण्यासाठी प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार आयटीआयच्या श्रेणीवाढीसाठी साठ हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे तीस, राज्यांचे वीस आणि उद्योगांचे दहा हजार कोटी. राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. यंत्रे जुनी असतील तर शिकणार काय, हा मुद्दा बिनतोड आहे आणि या खर्चावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु नव्या यंत्रापुढे उभा राहणारा मुलगा सहाव्या महिन्यात प्रशिक्षण सोडून गोदामात गेला, तर त्या यंत्राचा उपयोग काय, हेही विचारावे लागेल.

अन्यत्र काय घडते? जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय शिक्षण कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, आणि दोन्हीकडच्या दिवसांचे वेतन मालक देतो. २०२० पासून तेथे त्याला किमान मर्यादाही आली. पहिल्या वर्षासाठी दरमहा ५१५ युरो. शाळेत बसलेला दिवस हाही कामाचा दिवस, असे तेथे मानले जाते. शेजारच्या कर्नाटकात जानेवारी २०२४ पासून 'युवा निधी' अंतर्गत बेरोजगार पदवीधरांना तीन हजार आणि पदविकाधारकांना दीड हजार रुपये दरमहा, कमाल दोन वर्षे देण्यास प्रारंभ झाला. बेळगाव, निपाणीकडील मराठी कुटुंबांनाही तो लागू. तेथेही अट तीच : पुढील शिक्षण घेत असेल तर लाभ नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना शिकणारा बेरोजगार एकाच रकान्यातून गळतो.

प्रत्यक्षात हाती काय पडते

विद्यावेतन तुटपुंजे असले तरी इतर सवलती एकत्र केल्यास काही आधार होतो. त्यातील सर्वांत उपयोगाची बहुधा एस.टी.ची. विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर दोनतृतीयांश सवलत मिळते आणि ती तांत्रिक व व्यवसाय शिक्षणालाही लागू आहे. मार्च २०२३ पासून महिलांना साध्या तिकिटातही पन्नास टक्के सवलत आहे. स्वारगेट-भोर मार्गावरील गाडी महामार्गानेच जात असल्याने वरव्याकडील मुलामुलींना पासाचा लाभ घेता येतो; मात्र गाडीची वेळ आणि संस्थेची वेळ जुळायला हवी. पास स्वस्त असून गाडीच वेळेवर नसेल, तर मग वडापच्या जीपला पूर्ण पैसे मोजणे आले. हजेरी ऐंशी टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आयटीआयलाही लागू आहे. १९४४ पासून चालत आलेल्या या योजनेचे दर २०२१ मध्ये सुधारले गेले. दहावीनंतरच्या, पदवीखेरीजच्या अभ्यासक्रमांच्या गटात घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला अडीच हजार, वसतिगृहात राहणाऱ्याला चार हजार रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. अन्य मागास प्रवर्गांच्या योजना स्वतंत्र आहेत. हे सारे अर्ज राज्याच्या 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरायचे असतात.

आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून, तर जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. अर्ज सेतू केंद्रातून अथवा 'आपले सरकार'वरून करता येतो. दहावी-बारावीचा निकाल लागला, की तालुक्यातील सारी मुले एकाच आठवड्यात दाखल्यांसाठी धावतात आणि प्रवेशाची मुदत दारात येते. दाखले एप्रिल-मेमध्येच काढून ठेवणे हा साधा उपाय. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा मागतात की नाही, एवढे आधी विचारून घ्यावे.

दुसरी अडचण बँकेची. खात्याला आधार 'जोडलेले' असणे आणि ते खाते थेट लाभ हस्तांतरासाठी आधारशी 'संलग्न' असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते उघडताना ओळख पटविण्यासाठी आधार दिले म्हणजे शासनाचे पैसे त्याच खात्यात येतील, असे नाही. एका आधार क्रमांकावर थेट लाभासाठी एकाच बँकेचे खाते नोंदलेले असते. शाळेत असताना गणवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पैशासाठी उघडलेले, पुढे विसरलेले खाते तेथे नोंदलेले असेल, तर आयटीआयचे विद्यावेतन निमूटपणे त्या खात्यात जाऊन पडते आणि ते खाते व्यवहाराअभावी गोठलेले असेल तर परत फिरते. संकेतस्थळ 'रक्कम वितरित' असे दाखविते, खात्यात काही दिसत नाही आणि संस्थेचा लिपिक बँकेकडे बोट दाखवितो. आपले कोणते खाते नोंदलेले आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने पाहता येते. ते चुकीचे निघाले, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे लेखी संमतीपत्र देऊन बदलून घ्यावे लागते. त्यासाठी आधारला भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला हवा, आणि तो बहुधा वडिलांचा जुना, बंद पडलेला असतो. तो बदलायचा तर आधार केंद्रात जाणे आले.

आयटीआय पूर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तेथे आस्थापना, व्यवसाय आणि जागा पाहता येतात. शिरवळ-खंडाळ्याच्या बाजूने कारखाना निवडल्यास जिल्हा बदलतो, पण त्याने हक्काला बाधा येत नाही. सात हजारांहून कमी विद्यावेतन देऊ करणाऱ्या आस्थापनेविरुद्ध तक्रार करायची असेल, तर ती संबंधित जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करावी. हे कार्यालय सहसा जिल्ह्यातील प्रमुख शासकीय आयटीआयशी संलग्न असते. करारपत्राची प्रत मात्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी, कारण तक्रार करताना प्रथम तीच विचारली जाते.